पाचवा रकाना

भोर-वेल्ह्याच्या एसटीत अनोळखी माणसाला फार काळ अनोळखी राहता येत नाही. स्वारगेटहून वेल्ह्याची गाडी सुटली की चेलाडी फाट्यापर्यंत तो कसाबसा तग धरतो. नसरापूरला बनेश्वरची मंडळी उतरून गर्दी जरा हलली, की शेजारचे टोपीवाले आजोबा सरसावून बसतात. "येल्ह्याला का?" हा पहिला प्रश्न. 'हो' म्हटलं की "कुणाकडं?" नाव सांगितलंत तर त्या नावाची तीन घरं निघतात आणि त्यातलं नेमकं कुठलं, याची छाननी सुरू होते. नाव न सांगता नुसते हसलात तरी सुटका नाही. न बोलणारा माणूस बहुधा मोजणीला आलेला असतो, नाहीतर पुण्याहून जमीन बघायला; आणि पाठीला सॅक असून पायात चप्पल असेल, तर तोरण्यावर जाऊन पाय मुरगळून घेणारा. आंबवण्याला तुमचं गाव निश्चित होतं, मार्गासनीला आजोळ, आणि विंझर येईतो तुमच्या मामानं कुठली जमीन कितीला विकली आणि ती विकायला नको होती, हेही तुम्हाला ऐकवलं जातं. हे सगळं आजोबांनी एकही कागद न मागता काढलेलं असतं. तुम्ही उत्तर दिलंत तरी माहिती, टाळलंत तरी माहिती.

संगणकाच्या दुनियेत याच पद्धतीनं काम करणारं एक हत्यार आहे. नाव एनमॅप. गॉर्डन लायन या अमेरिकन गृहस्थानं ते लिहिलं आणि 'फ्योदोर' या टोपणनावानं १ सप्टेंबर १९९७ रोजी 'फ्रॅक' मासिकाच्या ५१व्या अंकात अख्खा प्रोग्रॅम छापून टाकला. सुमारे दोन हजार ओळींचा. पुढची आवृत्ती काढायचा विचारच नव्हता, म्हणून त्याला आवृत्ती क्रमांकसुद्धा दिलेला नव्हता. त्याला पाव शतक उलटून गेलं, आवृत्त्या निघतच आहेत. 'ही माझी शेवटचीच निवडणूक' असं सांगणारे पुढारी आमच्याकडे मुबलक असल्यामुळे आम्हाला याचं नवल वाटत नाही.

या हत्याराचं काम म्हणजे टकटक करणं. जाळ्यावरच्या प्रत्येक यंत्राला १ ते ६५,५३५ अशा क्रमांकांची दारं असतात. त्यांना पोर्ट म्हणायचं. ८० आणि ४४३ वर वेबसाइट, २२ वर दूर बसून सर्व्हर सांभाळणाऱ्याची ये-जा, ९१०० वर प्रिंटर, ५५४ वर कॅमेऱ्याचं चित्र. एनमॅप एकेक दार वाजवतो. आतून 'या' असा आवाज आला तर दार उघडं. 'इथं कुणी नाही' असं उत्तर आलं तर दार बंद. पण ते सांगायला कुणीतरी आहे, म्हणजे यंत्र जिवंत आहे, हे कळलंच. काहीच उत्तर आलं नाही, तर वाटेत एखादा पहारेकरी टकटक गिळून बसलाय असं समजायचं. याखेरीज 'उघडं असेल किंवा अडवलेलं असेल' असाही एक निकाल एनमॅप गंभीर चेहऱ्यानं देतो. सहकारात हयात घालवलेल्या माणसाला तो वाचताक्षणी समजतो. आणि सगळ्यात कडी म्हणजे, आतून 'या' ऐकू आल्यावर हा पठ्ठ्या आत जातच नाही. तिथूनच माघारी फिरतो आणि शेजारचं दार वाजवायला घेतो.

आता हे भोरात कसं आलं ते सांगतो. भोर हे पंतसचिवांचं संस्थानी गाव. राजवाडा अजून ऐटीत उभा आहे आणि तिथं सिनेमांची चित्रीकरणं होतात, त्यामुळे भालदार-चोपदार टपरीवर चहा पिताना दिसले तरी कुणी वळून बघत नाही. संस्थान १९४८ साली विलीन झालं. संस्था मात्र त्यानंतर फार झाल्या. त्यातल्याच एका पतसंस्थेचं मुख्य कार्यालय भोरला आणि शाखा वेल्ह्याला. तालुक्याचं नाव आता राजगड झालंय, पण शाखेच्या पाटीवर आणि कर्जदारांच्या तोंडी वेल्हेच आहे.

यंदा लेखापरीक्षकांनी शेरा मारला, 'संगणक जाळ्याची सुरक्षा तपासणी करून दोष दुरुस्ती अहवालासोबत जोडावी.' आजवरचे शेरे असायचे ते थकबाकीचे, तारणाचे, नाहीतर कर्ज जिवंत आणि जामीनदार मयत असल्याचे. हा शेरा नवा होता. मॅनेजरसाहेबांनी कागद उलटसुलट करून पाहिला आणि माझ्याकडे सरकवला. मी गावात संगणकाचे वर्ग घेतो. प्रिंटरमध्ये अडकलेला कागद न फाडता बाहेर काढणारा माणूस असा माझा पंचक्रोशीत लौकिक आहे आणि त्या बळावर मी संस्थेचा मानद तंत्रज्ञान सल्लागार आहे. मानद म्हणजे वार्षिक सभेत श्रीफळ.

पहिली अडचण कायद्याची. माहिती तंत्रज्ञान कायदा, २०००, याचं कलम ४३ सांगतं की मालकाच्या परवानगीवाचून त्याच्या संगणकात किंवा जाळ्यात शिरू नये. तेच काम अप्रामाणिक हेतूनं केलं तर कलम ६६ खाली ३ वर्षांपर्यंत कैद, ५ लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. नुसती टकटक म्हणजे शिरणं होतं का, यावर वकिलांनी भांडावं. त्या भांडणात आपलं नाव खटल्याचं शीर्षक म्हणून यायला नको असेल, तर हात लावण्याआधी लेखी परवानगी घ्यावी, हा या धंद्यातला पहिला नियम. पतसंस्थेत लेखी परवानगी म्हणजे संचालक मंडळाची सभा.

सभेत मी विषय मांडला. चेअरमन अण्णांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"एका मशीनला किती दारं म्हणालात?"

"पासष्ट हजार पाचशे पस्तीस."

"सर, आख्ख्या राजगडाला पाली दरवाजा, गुंजवणे दरवाजा, अळू दरवाजा, वर चोरदिंड्या धरल्या तरी हाताची बोटं उरत्यात. अन् आपल्या कपाटातल्या डबड्याला पासष्ट हजार? टेंडर कुणी काढलं होतं?"

एका संचालकांना आपल्याच दारावर आपणच टकटक करायला ठराव कशाला लागतो ते कळेना. दुसरे म्हणाले, "दार वाजवलं अन् आतून कुणी भलताच निघाला, तर?" संगणक सुरक्षेचं सगळं शास्त्र या एका वाक्यात आलं होतं, पण हे संचालक आयुष्यभर म्हशींच्या कर्जाचे प्रस्ताव तपासत राहिले.

अखेर अण्णांनी रायगड काढला. आमच्याकडे सभा अडली की कुणीतरी गड काढतो आणि सभा पुढे सरकते. रायगड बांधून झाल्यावर, कथा अशी सांगतात, महाराजांनी जाहीर केलं की नेहमीची वाट सोडून, दोर आणि शिडी न लावता जो कुणी वर चढून दाखवेल त्याला मोहरांची थैली आणि सोन्याचं कडं. एक गडी निघाला, कडा चढला, वर निशाण लावून तितक्याच झपाट्यानं खाली आला आणि मुजरा करून उभा राहिला. महाराजांनी कबूल केलेलं बक्षीस दिलं आणि त्याची वाट बंद करायला लावली.

"गड चढला म्हणून त्याला कुणी धरून न्हाय नेला," अण्णा म्हणाले. "उलट कडं घातलं हातात."

मोठमोठ्या संगणक कंपन्या हेच काम आता 'बग बाउंटी' या नावानं डॉलरमध्ये करतात, अशी माहिती मी पुरवली. कड्याचा उल्लेख झाल्यावर माझी आशा जरा पालवली होती, पण ठरावात ती उतरली नाही. ठराव झाला तो असा: 'संस्थेच्या मालकीच्या संगणक यंत्रांची दारे संस्थेच्याच कार्यालयीन वेळेत ठोठावून पाहण्यास ही सभा सर्वानुमते मंजुरी देत आहे. ठोठावल्यावर जे निघेल ते पुढील सभेपुढे ठेवावे.' त्याखाली सूचक, अनुमोदक, सह्या. ऐनवेळच्या विषयात चहाच्या कपांची खरेदी.

संस्थेचा सर्व्हर मागच्या खोलीत लोखंडी कपाटात राहतो. त्यावर लिनक्स आहे. लिनक्स का घेतलं, याची नोंद जुन्या इतिवृत्तात एका शब्दात सापडते: 'फुकट'. कपाटाच्या दारावर 'बंद करू नये' अशी चिठ्ठी आहे. ती कपाटाला उद्देशून आहे की सर्व्हरला, यावर कर्मचाऱ्यांत दोन पक्ष आहेत.

एनमॅप बसवायला एक ओळ पुरते: सुडो एपीटी इन्स्टॉल एनमॅप. एन्टर दाबलं की यंत्र पासवर्ड विचारतं, आणि इथं युनिक्सच्या खानदानी संशयीपणाची ओळख होते. पासवर्ड टाइप करताना पडद्यावर काहीही उमटत नाही. अक्षर नाही, ठिपका नाही, फुली नाही. मागं उभ्या असलेल्या कॅशियरताई हळहळल्या, "सर, कीबोर्ड गेला." मी म्हणालो, असंच असतं. तोवर शिपाई नाना आतून दुसरा कीबोर्ड फडक्यानं पुसत घेऊन आले. पासवर्ड किती अक्षरी आहे हे मागच्या माणसाला कळू नये म्हणून ही व्यवस्था आहे, असं मी समजावलं. ताई म्हणाल्या, "मागं तर आम्हीच आहोत." त्यानंतर दिवसभर त्या माझ्याशी कामापुरतंच बोलल्या.

मॅनेजरसाहेबांना वाटलं, आपण स्वतः करून पाहावं. त्यांनी स्वतःच्या नावानं तीच ओळ लिहिली. यंत्रानं कळवलं की आपलं नाव अधिकार असलेल्यांच्या यादीत नाही आणि या घटनेची तक्रार नोंदवली जाईल. साहेबांचा चेहरा खर्रकन उतरला. "तक्रार कुणाकडं? निबंधकांकडं?" मी सांगितलं की ती सर्व्हरच्या प्रशासकाच्या टपालपेटीत जाते आणि प्रशासक मी आहे. साहेबांनी ताबडतोब माझ्यासाठी स्पेशल चहा सांगितला.

वेल्ह्याच्या शाखेत हीच ओळ चालेना. दिवस आषाढाचे. तोरणा ढगात, मोबाइलची रेंज तोरण्यामागे, आणि इंटरनेटची केबल रस्त्याच्या कामात जेसीबीखाली. तेव्हा पॅकेज पेनड्राइव्हवर पाठवायचं ठरलं. पण एनमॅप एकटा कुठं जात नाही. पाकिटं पकडायला त्याला लिबपीकॅप लागतं, स्क्रिप्ट चालवायला लुआ, समोरच्या यंत्राचा अंदाज बांधायला लिबलिनिअर आणि त्या लिबलिनिअरला आकडेमोडीसाठी लिबब्लास. शाखाधिकारी फोनवर म्हणाले, "दार वाजवायला एवढी माणसं?" सगळ्यांना पेनड्राइव्हवर बसवून मी तो भोरच्या स्टँडवर एका ओळखीच्यांच्या हाती दिला. कापूरहोळ, चेलाडी, नसरापूर करत तो या हातातून त्या हातात गेला. प्रत्येकानं पुढच्याला देताना 'सरांचं कायतरी अर्जंट औषध हाय' एवढंच सांगितलं. शाखेत पोचला तेव्हा त्याच्याबरोबर 'जेवणानंतर' अशी सूचनाही पोचली होती. शाखाधिकाऱ्यांनी ती पाळली.

भोरला पहिली पाहणी साधी होती: जाळ्यावर जागं कोण कोण आहे, एवढंच बघायचं. संस्थेच्या डेडस्टॉक रजिस्टरला संगणक सहा. पडद्यावर यंत्रं निघाली सतरा. एनमॅप एकाच जाळ्यात असला की यंत्राच्या हार्डवेअर पत्त्यावरून त्याचा कारखानाही सांगतो. त्यावरून कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग करणारा डबा सापडला, हजेरीचं अंगठा-यंत्र सापडलं, प्रिंटर सापडला आणि अण्णांच्या केबिनमधला टीव्ही सापडला, ज्याची डेडस्टॉकला 'सूचनाफलक (विद्युत)' अशी नोंद होती. बाकीच्यांपुढे कारखान्याचं नावच नव्हतं. ते मोबाइल होते. अँड्रॉइड १० आणि आयओएस १४ पासून मोबाइल वाय-फायला आपला खरा हार्डवेअर पत्ता न देता बनावट देतात, त्यामुळे एनमॅपची दांडी तिथं उडते. पण नानांची उडाली नाही. ते दारात उभे राहून रस्त्याकडे बघत म्हणाले, "एक टपरीवाल्याचा, एक झेरॉक्सवाल्याचा, दोन शिवणक्लासच्या पोरींचे." संस्थेच्या वाय-फायचा पासवर्ड म्हणजे अण्णांचा मोबाइल नंबर होता आणि तो चौकातल्या वाढदिवसाच्या फ्लेक्सवर आठ इंची अक्षरात छापलेला होता.

यानंतर प्रत्येक यंत्रावर कुठली प्रणाली चालते, याचा अंदाज काढायचा. समोरचा टकटकीला कसं, किती घाईनं, कुठल्या ढंगात उत्तर देतो त्यावरून एनमॅप त्याची कुळी ओळखतो आणि नक्की सांगता येत नसेल तर टक्क्यांत बोलतो. चौऱ्याण्णव टक्के लिनक्स, एक्याण्णव टक्के अमुक. एसटीतले आजोबा टक्के सांगत नाहीत. त्यांना खात्री असते.

मदतीला अण्णांचा भाचा आला होता. पुण्यात इंजिनिअरिंगला आहे. २००३ सालच्या 'द मॅट्रिक्स रीलोडेड' चित्रपटात ट्रिनिटी नावाची नायिका एनमॅप चालवते, २२ क्रमांकाचं दार उघडं सापडतं आणि ती वीजकेंद्राच्या संगणकात घुसून शहराची वीज घालवते. सिनेमात संगणक म्हणून वाटेल ते दाखवायच्या काळात पडद्यावर खरी आज्ञा दिसली, याचं एनमॅपवाल्यांना अजून कौतुक आहे. भाच्यालाही होतं. ट्रिनिटीचा काळा चामडी पोशाख नव्हता म्हणून त्यानं रेनकोट न काढताच काम सुरू केलं. नानांना मात्र गोष्ट ऐकून ट्रिनिटीची कीव आली. वीज घालवायला एवढी यातायात कशासाठी? आमच्याकडे मृगाचे चार थेंब पुरतात.

दारामागं नक्की कुठला प्रोग्रॅम आहे हे शोधताना एनमॅप तिथं निरनिराळे संदेश टाकून पाहतो. प्रिंटरचं ९१०० क्रमांकाचं दार भोळं असतं. जे येईल ते छापायचं, एवढंच त्याला माहीत. म्हणून या शोधातून ९१०० ते ९१०७ ही दारं एनमॅप आपण होऊन वगळतो. भाच्याला ही सवलत म्हणजे कामचुकारपणा वाटला. त्यानं 'सगळी दारं' असा जादा हुकूम जोडला आणि प्रिंटर धडधडू लागला. एकेका पानावर एकेक तुटकी इंग्रजी ओळ. कागद आला की आधी आवकचा शिक्का, हा नानांचा नोकरीला लागल्यापासूनचा नियम. त्यांनी प्रत्येक पानावर शिक्का मारला, आवक क्रमांक घातला आणि गठ्ठा साहेबांपुढे ठेवला. साहेबांनी पहिल्या पानावर सवयीनं 'चर्चा करावी' असं लिहिलं. एका पानावर नुसतंच 'हेल्प' असं होतं. एनमॅपच्या पोतडीत या नावाचा एक संदेश खरोखरच आहे. ते पान घेऊन नाना स्ट्राँगरूमकडे धावले. आत कोण अडकलंय, हे त्यांना बघायचं होतं.

मग वेगाचा विषय निघाला. एनमॅपला सहा गती आहेत. सगळ्यात जलद गतीचं नाव 'वेडी', सगळ्यात संथ गतीचं 'भयगंडी'. भयगंडी गतीत कुणाला संशय येऊ नये म्हणून एका टकटकीनंतर पाच मिनिटं थांबून दुसरी करायची. मॅनेजरसाहेबांना ती फार आवडली. प्रिंटरच्या प्रकारानंतर त्यांना काहीच जलद नको होतं. मी हिशेब मांडून दाखवला. ६५,५३५ दारं, प्रत्येकी पाच मिनिटं, म्हणजे एका यंत्राला सुमारे २२७ दिवस. मृगात सुरुवात केली तर भाताची लावणी, कापणी, झोडणी होऊन संक्रांतीचा तिळगूळ संपला तरी एकच संगणक चालू असेल. साहेब म्हणाले, "चालेल की. ऑडिटला मार्चपर्यंत मुदत आहे."

घरून, म्हणजे बाहेरच्या जगातून, संस्थेच्या पत्त्यावर टकटक केली तेव्हा खरा दगड लागला. कॅमेऱ्याच्या डब्याचं टेलनेटचं, २३ क्रमांकाचं दार साऱ्या जगाला उघडं होतं आणि त्यावर कारखान्यातून आलेला मूळ पासवर्ड तसाच होता. ही बाब हसण्यावारी नेण्यासारखी नाही. २०१६ साली अमेरिकेतल्या तीन पोरांनी 'मिराई' नावाचं सॉफ्टवेअर लिहिलं. ते जगभर टेलनेटची दारं वाजवत हिंडायचं आणि उघडं सापडलं की कारखान्यात घातलेल्या साठेक ठरावीक नाव-पासवर्डच्या जोड्या लावून बघायचं. अशा लाखो कॅमेऱ्यांची आणि राउटरची फौज उभी राहिली. तिच्याच जातीच्या फौजेनं त्या वर्षीच्या २१ ऑक्टोबरला 'डाइन' या कंपनीवर हल्ला चढवला आणि ट्विटर, नेटफ्लिक्स अशा बड्या सेवा बऱ्याच लोकांसाठी ठप्प झाल्या. म्हणजे कॅशियरताईंच्या खिडकीवर नजर ठेवायला टांगलेला कॅमेरा, कुणालाही न सांगता, रात्रपाळीला अमेरिकेत दंगा करायला जाऊ शकतो. ताई म्हणाल्या, "तरीच त्यात चित्र अंधुक येतं."

इथपर्यंत सगळं सोपं होतं. एनमॅपनं मला चार रकाने भरून दिले: दार, स्थिती, सेवा, आवृत्ती. सभेपुढे हा तक्ता ठेवला असता तर तो वाचून कुणाला काहीच बोध झाला नसता. पतसंस्थेत कुठलाही आकडा माणसाच्या नावाशिवाय वाचता येत नाही. थकबाकी वाचतानासुद्धा आधी 'कुणाची?' असं विचारतात आणि मग 'किती?' म्हणून मी पाचवा रकाना आखला: 'कुणाच्या सांगण्यावरून'. हा रकाना भरणारा प्रोग्रॅम अजून निघालेला नाही. तो चालत जाऊन, चहा पिऊन भरावा लागतो.

३३८९ हे दार, दुरून संगणक चालवण्याचं. ते हिशेबाचं सॉफ्टवेअर विकणाऱ्या पुण्याच्या माणसासाठी उघडलं होतं, कारण दर वेळी कात्रजचा घाट ओलांडून यायचं म्हटलं की त्याची गाडी बिघडायची. हजेरी यंत्राचं ८० क्रमांकाचं दार एका कर्मचाऱ्यानं शोधून काढलं होतं. त्यातून घरबसल्या हजेरी दुरुस्त होते, अशी चर्चा होती. मी विचारल्यावर चर्चा थांबली. २१ क्रमांकाच्या, फाइली पाठवायच्या दाराला वारसच सापडेना. निवृत्त सचिवांना घरी जाऊन विचारलं. ते झोपाळ्यावर बसून म्हणाले, "ते माझ्याही आधीपासून आहे. मी कधी हात लावला नाही. तुम्हीही लावू नका." ज्या वस्तूचा उपयोग कुणालाच माहीत नसतो तिला संस्थेत सर्वाधिक संरक्षण असतं, हा सिद्धांत मला तिथं गवसला. राहिला कॅमेरा. कॅमेरेवाला म्हणाला, "अण्णांना घरून ऑफिस दिसावं म्हणून ठेवलंय." अण्णा म्हणाले, "मी? मला तर व्हॉट्सॲपचा फोटूबी मोठा करून बघता येत न्हाय."

पुढच्या सभेत तक्ता वाचला. पाचव्या रकान्यामुळे सभा प्रथमच शेवटपर्यंत जागी होती. 'अनावश्यक दारं बंद करावीत' यावर एकमत झालं आणि 'अनावश्यक कुठलं' यावर तितक्याच एकमतानं फूट पडली. प्रत्येकाचं म्हणणं असं की माझं तेवढं ठेवा, बाकीची लावा. या वेळी गड काढायची पाळी माझ्यावर आली. मी आज्ञापत्र काढलं. रामचंद्रपंत अमात्यांनी अठराव्या शतकाच्या आरंभी दुर्गांविषयी लिहिताना हा प्रश्न सोडवून ठेवलाय. गडाला एकच दरवाजा असणं त्यांना खोट वाटते. दोन-तीन दरवाजे हवेत, अडचणीच्या वेळेला चोरदिंड्याही हव्यात. पण रोजच्या वहिवाटीला लागतील तेवढ्याच चालू ठेवून उरलेल्या पक्क्या बांधकामानं बुजवाव्यात, असं त्यांचं सांगणं आहे. फायरवॉलवरच्या जाडजूड ग्रंथांत याहून वेगळं काही नसतं. शिवाय अमात्यांनी आणि भोरच्या पंतसचिवांचे मूळपुरुष शंकराजी नारायण यांनी, राजाराममहाराज जिंजीला असताना, इकडचा मुलूख मिळून सांभाळलेला. भोरच्या सभेत यावर हरकत घ्यायची कुणाची छाती नव्हती.

प्रत्यक्ष बुजवताना मी जगभरातल्या सर्व्हरवाल्यांची जुनी रीत वापरली. वाद घालायचा नाही. सोमवारी सकाळी दार लावायचं आणि कोण ओरडतंय ते बघायचं. जो ओरडेल त्याचं ते दार.

२१ लावलं. कुणी ओरडलं नाही. निवृत्त सचिवांची झोपही मोडली नाही. ३३८९ लावलं. पुण्याचा सॉफ्टवेअरवाला दुसऱ्याच दिवशी स्वतःच्या गाडीनं घाट ओलांडून हजर झाला. गाडी ठणठणीत होती. हजेरी यंत्राचं लावलं. एक कर्मचारी वेळेवर येऊ लागला, तो कोण हे पाचव्या रकान्यात लिहायची गरज उरली नाही. मग कॅमेऱ्याचं २३ लावलं, मूळ पासवर्ड बदलला आणि बाहेरून चित्र बघायची वाटही बंद केली.

दुपारी तीनला अण्णांच्या केबिनमधला फोन वाजला. घरून काकू होत्या. त्यांचा आवाज फोन न लावताही बाहेर ऐकू आला असता.

"सकाळपासून चित्र दिसत न्हाय! मीटिंग हाय म्हणून गेलात ते खरंच खुर्चीवर हाय का राजवाड्यात शूटिंग बघताय, मला कळायचं कसं?"

केबिनमधल्या कॅमेऱ्याच्या वाटेनं काकू रोज अकरा ते पाच संस्थेची पाहणी करत होत्या. चेअरमन किती वाजता येतात, डायबेटिस असून भज्यांची प्लेट कुणाकुणासाठी मागवतात, नाना दुपारी कुठल्या बाकावर डुलकी घेतात, याची तारीखवार नोंद त्यांच्याकडे होती. कर्ज मागायला येऊन टेबलाखालून पाकीट सरकवू पाहणारा एक गृहस्थ अण्णांनी मागं एकदा हाकलून दिला होता. तो घरी पोचायच्या आत काकूंनी त्याच्या बायकोला फोन करून त्याची हजेरी घेतली होती, हेही आता उघड झालं.

संचालक मंडळानं तातडीची सभा घेतली. टेलनेट कायमचं बुजवण्यात आलं. काकूंसाठी मात्र एक चोरदिंडी ठेवावी, तिला व्हीपीएनचं कुलूप असावं आणि किल्ली एकाच मोबाइलमध्ये राहावी, असा ठराव झाला. अण्णा तटस्थ राहिले. विरोधात मत द्यायला कॅमेरा समोरच होता.

अहवाल गेला. पाचव्या रकान्यात काकूंचं नाव घालायचं का, यावर मॅनेजरसाहेबांनी बराच विचार केला आणि अखेर 'कुणाच्या सांगण्यावरून' याखाली लिहिलं: 'अंतर्गत तपासणी विभाग'. लेखापरीक्षकांनी एनमॅपचे चारही रकाने न वाचता उलटले आणि पाचव्यापाशी थांबून हिरव्या शाईनं शेरा मारला, 'अंतर्गत तपासणी समाधानकारक. विभागास नियमित मानधन देण्याचा विचार व्हावा.'

माझं श्रीफळ यंदा काकूंना मिळालं.